काका, सेक्रेटरी होऊ का?

नमस्कार काका,
मी डिचोली तालुक्यातला, वय २९. अग्निशामक दलात फायर फायटर म्हणून सहा वर्षं झाली. आमच्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे सेक्रेटरी यंदा निवृत्त होतायत आणि मुलांनी माझं नाव पुढे केलंय. अर्ज बरे लिहितो, एवढीच माझी लायकी. घरी मात्र वादळ आहे. बाबा खाणीवर मशीन चालवायचे, युनियनमध्ये पुढे असायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मोर्चे झाले, धरणी झाली, हाती काही लागलं नाही. ते म्हणतात, "युनियनने माझे केस पिकवले, तू तुझे काळे ठेव." बायको म्हणते, आधीच घरात नसतोस, त्यात हे कशाला. एक सिनियर म्हणाले, बढती अडकेल. आणि मला स्वतःला खटकतंय ते वेगळंच. उद्या संप ठरला तर? आग लागलेली असताना मी गेटबाहेर बसू शकणार नाही. अशा माणसाने सेक्रेटरी व्हावं का?
— स., डिचोली

चि. स. यास अनेक आशीर्वाद.

या सदराला पत्रं येतात ती गॅसच्या नळीची, इन्व्हर्टरची, नाहीतर गणपतीवर बांधलेल्या माटोळीवर लाइटची माळ सोडली तर चालेल का अशी. तुझ्या पत्राने मला माझी जुनी वही काढायला लावली. म्हणून आज सिलिंडरवाल्यांनी थोडं थांबावं.

मी पेडण्याचा. आमच्याकडची पोरं पूर्वी मुंबई-पुण्याकडे सरकायची तसा मीही गेलो आणि महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलात १९८१ साली चिकटलो. २०१६ साली सुटलो. मधली अकरा वर्षं कर्मचारी संघटनेचा सेक्रेटरी होतो. म्हणजे मी महापालिकेचा कामगार होतो आणि तू राज्य सरकारचा नोकर आहेस. आपल्या दोघांचे नियम सारखे नाहीत, हे डोक्यात ठेवून पुढचं वाच. शिवाय मी जुन्या पेन्शनवर बसून सल्ला देतोय, ज्यात माझं काही जात नाही. तेही लक्षात ठेव.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाने सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्या पोटात आहे.

नव्वदच्या दशकात आमच्या महापालिकेत मोठा संप झाला. सफाईवाले, पाणीखातं, कार्यालयातले कारकून, सगळे बाहेर. आमचं आधीपासून ठरलेलं असायचं की फायर ब्रिगेड आणि इस्पितळ संपात नाही. आम्ही दंडाला काळ्या फिती लावून ड्युटी करायची. फीत लावायला आमचा एक ड्रायव्हर लाजायचा. म्हणायचा, तेराव्याला आल्यासारखं वाटतं. संपाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी झोपडपट्टीतून आगीची वर्दी आली. दोन बंब घेऊन गेलो. चाळीसेक झोपड्या, वारा पडलेला, नशीब. टाकीतलं पाणी काही मिनिटांत संपलं. हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या तोटीला, होज लावला तर आत फुसफूस सुद्धा नाही. लाइनच बंद. पाणीखात्यातला लाइनची चावी फिरवणारा, तो चावीवाला संपावर.

वायरलेसवरून मी काही करू शकत नव्हतो. आमच्यातला एक पोरगा सायकल मागून धरणं चाललेल्या ठिकाणी पळाला. तिथे मंडप, सतरंज्या, माईक. तो माईकवर गेला नाही. चावीवाला कुठे बसलाय ते शोधलं आणि त्याच्या कानात सांगितलं. हा माणूस पन्नाशीचा, पोट सुटलेला, दमेकरी. दहा मिनिटांत सायकलवर डबलसीट आला. अंगात बनियन, कारण शर्ट मंडपात राहिला होता. रस्त्यावरचं झाकण उचललं, लांब चावी खाली घातली, आणि पूर्ण अंग टाकून फिरवली. होज एकदम फुगला. तो तिथेच फुटपाथवर बसून राहिला. आग विझेपर्यंत बसला. मग चावी परत फिरवून लाइन बंद केली आणि धरण्यावर परत गेला. मी त्याला म्हटलं, लाइन चालू राहू दे की. तो म्हणाला, "साहेब, आग विझवायला आलो होतो, संप फोडायला नाही."

मला साहेब म्हणणारा तो महापालिकेतला बहुधा एकमेव माणूस. त्याचं हे वाक्य मी तीस वर्षं बाळगून आहे. तुझ्या मनात जी भीती आहे ना, की संघटनेत गेलं म्हणजे आगीकडे पाठ करून बसावं लागेल, ती या माणसाला दाखव. घंटा झाली की टर्नआउट, बंबावर चढायचं आणि निघायचं. त्यावर संघटनेत चर्चा नसते, मतदान नसते. तू गेटबाहेर बसू शकणार नाहीस म्हणतोस. मग तूच हवास. बसू शकणाऱ्याच्या हातात ते पद मला बघवणार नाही.

आता कायदा. थोडक्यात सांगतो, पण तू मूळ कागद वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. पोलिसांना युनियन करता येत नाही, त्यासाठी १९६६चा स्वतंत्र कायदा आहे. तू पोलिस नाहीस. पण राज्य सरकारचा कर्मचारी म्हणून १९६४चे वर्तणूक नियम तुला लागू आहेत, आणि त्यातला सातवा नियम संपाला मनाई करतो. तामिळनाडूत २००३ साली सरकारी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार लोकांना एका फटक्यात काढून टाकलं होतं. त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की सरकारी नोकराला संपाचा हक्क नाही. वर अत्यावश्यक सेवांचा कायदा आहेच. त्याच वर्तणूक नियमांतला विसावा नियम म्हणतो की नोकरीच्या बाबतीत बाहेरचं वजन वापरायचं नाही. गोव्यात, जिथे प्रत्येकाचा कोणीतरी आमदार 'आमचाच माणूस' असतो, हा नियम फ्रेम करून लावण्याच्या लायकीचा आहे. पेपरात बोलणं, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका, यालाही नियम आहेत. तुमच्या दलाचा स्वतःचा कायदा आहे, त्यात शिस्तीची कलमं काय आहेत ते बघ. तुमच्या संघटनेला सरकारची मान्यता कोणत्या पत्राने मिळाली, ते पत्र फाइलमध्ये आहे का, तेही बघ. अनेक ठिकाणी सगळ्यांना वाटतं मान्यता आहे, आणि पत्र कोणीच पाहिलेलं नसतं.

म्हणजे तुझ्याकडे संपाचं शस्त्र नाही. मग काय आहे? वही आहे.

हे मी फार उशिरा शिकलो आणि दुसऱ्याच्या हातांची किंमत मोजून शिकलो. मी तेव्हा सेक्रेटरी नव्हतो, लीडिंग फायरमन होतो. आमच्या बंबावरचे दोन होज कपलिंगपाशी विरले होते. हात फिरवला की कळायचं, तिथे कापड मऊ पडलं होतं, जुन्या धोतरासारखं. मी स्टोअरमध्ये तीनदा सांगितलं. तोंडी. एकदा चहा पिताना, एकदा रोल कॉलनंतर, एकदा तर हसत हसत. स्टोअरवाला ओळखीचा, दोस्त. "मागणी टाकलीय, येतील." मलाही ते पुरे वाटलं. कागद करायचा म्हणजे त्याच्यावर कागद करायचा, आणि तो आमच्याकडे गणपतीला जेवायला येणारा माणूस.

मग एका गोदामाला आग लागली. आत प्लास्टिकचा माल. माझा जोडीदार ब्रांचवर, म्हणजे होजच्या तोंडच्या नळीवर, पुढे, मी त्याच्या मागे होज धरून. दरवाजापासून पाच-सहा पावलं आत गेलो होतो, आणि मागे कपलिंगपाशी होज फाटला. आवाज असा झाला की टायर फुटला. पाणी तिकडे रस्त्यावर आणि आमच्या हातातला ब्रांच मेलेला. आगीला पाणी थांबल्याचं लगेच कळतं, हे तुला सांगायला नको. ती मागे सरकलेली असते ती पुढे येते. आम्ही बाहेर आलो, पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पुढे बरे झाले, म्हणजे दिसायला बरे. बोटं पूर्ण मिटत नव्हती. निवृत्तीपर्यंत तो वॉचरूममध्ये फोन घेत बसला.

चौकशी झाली. मला विचारलं, होज खराब असल्याचं तुम्हाला माहीत होतं का? मी म्हटलं, हो, तीनदा सांगितलं होतं. "लेखी कुठे आहे?" मी गप्प. स्टोअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मला कोणी सांगितलं नाही. तो खोटं बोलला असं मी आजही म्हणत नाही; चहा पिताना सांगितलेलं कोणाला आठवतं? चौकशीत शेवटी 'दुर्दैवी घटना' असं लिहून फाइल बंद झाली. त्यात माझं नाव कुठेही दोषी म्हणून नाही. पण दोष माझा होता. जोडीदाराच्या बायकोने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि मी तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी लिहायला लागलो. ऑकरन्स बुकमध्ये, म्हणजे केंद्राच्या रोजच्या घटनांच्या वहीत, नोंद, त्याची तारीख, नोंदीचा नंबर, मग त्या नंबराचा उल्लेख करून स्टेशन ऑफिसरला अर्ज, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचल्याची सही आणि शिक्का. शिक्क्याशिवाय प्रत घरी आणायची नाही. लोक हसायचे. मला 'शिक्केवाला' म्हणायचे. पुढे याच शिक्केवाल्याला त्यांनी सेक्रेटरी केलं. तुझं नाव 'अर्ज बरे लिहितो' म्हणून पुढे आलंय आणि तू त्याला एवढीच लायकी म्हणतोस. अरे, तीच लायकी.

भाषण करणारे पुष्कळ असतात. आमच्यात एक होता, १ मेला असा बोलायचा की समोरच्या झाडाने मूठ वळावी. त्याच्या काळातला एक कागद फाइलमध्ये सापडला नाही.

१४ एप्रिल हा आपला अग्निशमन सेवा दिन. छातीवर तो छोटा कागदी झेंडा टाचून तूही परेडला उभा राहिला असशील. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आपली ६६ माणसं गेली, हे भाषणात दरवर्षी येतं. एक तपशील येत नाही. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या, आणि सोबत सुमारे १४०० टन दारूगोळा. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असा रिवाज होता. या जहाजावर तो लावलेला नव्हता. लाल बावटा म्हटलं की आपल्याला युनियन आठवते. मला तो न लावलेला आठवतो. कोणीतरी एक साधी खूण करायला हवी होती, ती झाली नाही, आणि आगीवर गेलेल्यांनी किंमत दिली. (१४ एप्रिल बाबासाहेबांची जयंतीही. त्या स्फोटाच्या वेळी ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी येतात म्हणून आमच्याकडे हारांची टंचाई व्हायची, पण दोन्हीला जायचो.)

आता बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस. २०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत थांबल्या. जो निर्णय दिल्लीत कोर्टात होतो तो कुठलीही युनियन पणजीत मोर्चा काढून फिरवू शकत नाही. ते हरले नाहीत, त्यांना हरण्यासाठीच उभं केलं गेलं होतं. पण त्यांना एक विचारून बघ, भांडणाच्या सुरात नाही, संध्याकाळी बाल्कांवात बसून: बाबा, पगार बंद झाला तेव्हा आपल्या घरी कोण कोण येत होतं? ट्रकवाल्याचा हप्ता थकला तेव्हा बँकेत त्याच्याबरोबर कोण गेलं? मला खात्री आहे, दोन-तीन नावं निघतील आणि ती युनियनवाल्यांचीच निघतील. केस पांढरे झाले ते खाणीने. युनियनने बहुतेक त्या दिवसांत त्यांना माणसांत ठेवलं. हे माझं मत. ते नाही म्हणाले तर त्यांचं खरं.

बायकोचं मात्र शंभर टक्के खरं आहे. माझी बायको संघटनेला सवत म्हणायची. "सवतीकडे जाऊन या, मग जेवा." मुलीचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी मी बढतीच्या यादीवरून साहेबांच्या केबिनबाहेर चार तास बसलो होतो. यादी बदलली नाही. निकाल मला शेजाऱ्याने सांगितला. तेव्हा आठवड्यातला एक दिवस बायकोला लिहून दे. हो, लिहूनच. त्या दिवशी संघटनेचा फोन उचलायचा नाही. वर्दीचा उचल, तो वेगळा.

बढती अडकेल का? अडकेल म्हणून कोणी सांगत असेल तर विचार, कुठल्या नियमाने. सेवाज्येष्ठता यादी आणि खात्याची परीक्षा या दोन गोष्टी तुझ्या हातात आहेत. परीक्षा पहिल्या फटक्यात पास हो. सेक्रेटरीने ड्रिलला दांडी मारली, परीक्षेत लटकला, की त्याचा प्रत्येक अर्ज हलका होतो. बदली मात्र होऊ शकते, दूर होऊ शकते. माझी झाली, दोनदा. एका ठिकाणी मासे फार छान मिळायचे.

मग सेक्रेटरी होऊन करायचं काय? मोठ्या मागण्यांच्या मागे लागू नकोस पहिल्याच वर्षी. चवथीच्या रजेपासून सुरू कर. गोव्यात चवथीला प्रत्येकाला घरी जायचं असतं आणि केंद्र तर रिकामं ठेवता येत नाही. मग काय होतं? ज्याची साहेबाशी ओळख तो गावाला, बाकीचे रोल कॉलला. आमच्याकडे गणपतीवरून दर वर्षी रुसवेफुगवे व्हायचे. आम्ही शेवटी सोडत सुरू केली. चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या टाकायला एक हेल्मेट. गेल्या वर्षी ज्याला रजा मिळाली त्याची चिठ्ठी या वर्षी टाकायची नाही. चिठ्ठी केंद्रातल्या सगळ्यांत नवीन मुलाने काढायची. नावं फळ्यावर आणि वहीतही. आमच्यातले ख्रिश्चन दोस्त गणपतीला आमची ड्युटी करायचे, आम्ही नाताळला त्यांची. तुमच्याकडे तर हे अजून सोपं, ते आपसात आधीपासून चालतच असणार. फक्त ते मेहेरबानी म्हणून चालू देऊ नकोस, तक्त्यावर आण. साहेबाला सुद्धा आवडतं, त्याची डोकेदुखी जाते. पस्तीस वर्षांत मी स्वतः नऊ वेळा चवथीला पेडण्याला पोचलो. सेक्रेटरी असताना अकरा वर्षांत दोनदा. माझी चिठ्ठी यायची आणि कोणाचं तरी नवं लग्न झालेलं असायचं.

दुसरं काम धुराचं. आमच्या काळात धूर खाणं ही मर्दुमकी होती. बंबावर दोन बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या बाटलीचे मास्क, आणि आत जाणारे चार. ज्याचा सेट तो नव्या पोराला द्यायचा आणि आपण तोंडाला ओला रुमाल बांधायचा. रुमालाने डोळे चुरचुरायचे थोडे कमी व्हायचे, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. आग विझल्यावर हेल्मेट काढून तिथेच बिडी. काळा झालेला कोट घरी आणून बायकोने पोरांच्या कपड्यांबरोबर भिजत घालायचा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. फुप्फुसाच्या आवरणाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा पुरावा त्यांना पुरेसा वाटला. माझ्या बॅचचा एकजण मूत्राशयाच्या कर्करोगाने गेला. तो बिड्याही ओढायचा, तेव्हा कशाने गेला हे मी सांगू शकत नाही. पण आग विझल्यावर ढिगारा उपसताना, जेव्हा ज्वाळा नसतात आणि सगळे मास्क काढतात, तेव्हाही मास्क तोंडावर ठेवा. कोट केंद्रातच धुवायचा, घरी न्यायचा नाही. वर्षातून एकदा तपासणी आणि तिचा अहवाल प्रत्येकाच्या हातात. या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही आणि कुठला साहेब यावर नाही म्हणेल असं मला वाटत नाही. तरी अर्ज लेखीच कर.

तिसरं, रस्ते. काणकोणात चावडीवर ४ जानेवारी २०१४ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ३१ जण गेले, ढिगाऱ्याखालून माणसं काढायला दिवस लागले. सावर्डेला १८ मे २०१७ला नदीत उडी मारलेल्या एकाला शोधत होते तर बघ्यांच्या ओझ्याने पोर्तुगीजकालीन पूल पडला. एकाला काढायला गेलेल्यांना पन्नासेक लोकांमागे धावावं लागलं. आणि डिसेंबर २०२५मध्ये हडफड्याच्या क्लबमध्ये आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. बरेचसे आत काम करणारेच, तळघरात गुदमरलेले. अरुंद वाटेमुळे बंब लांब उभे करावे लागले. अशा रात्रीनंतर कोण उशिरा पोचलं हे सगळे विचारतात. वाट किती रुंद होती हे आगीआधी कोणी विचारलेलं नसतं. तुमच्या केंद्राच्या हद्दीतल्या अशा वाटा पायी फिरून मोजा. टेप लागतो आणि दोन सकाळी. कुठे बंब वळत नाही, कुठे विहिरीला पायऱ्या आहेत, कुठे नारळाच्या फांद्या आणि विजेच्या तारा खाली आल्यात. नकाशा काढा, तारीख घाला, वरिष्ठांच्या मार्फत पंचायतीला पाठवा. उत्तर येणार नाही बहुतेक. पोच येईल. पोच फाइलला लाव.

असं वाचताना तुला वाटेल, काका सगळं कागदावरच आणून ठेवतायत. माझ्या जोडीदाराचे हात मला अजून दिसतात, म्हणून.

एक सांगायचं राहिलं, वर्गणीचं. संघटना फुटते ती विचारांवरून नाही, शंभर-दोनशे रुपयांवरून. आजारी सहकाऱ्यासाठी जमवलेले पैसे कोणी किती दिले, किती पोचले, याचा कागद नसला की दुसऱ्या संघटनेचा बोर्ड लागलाच म्हणून समज. पावतीशिवाय रुपया घेऊ नकोस, स्वतःच्या खिशात तर दहा मिनिटंही ठेवू नकोस.

तेव्हा होकार दे. पण हार घालून घेण्याआधी जुन्या सेक्रेटरींकडून तीन वस्तू मागून घे: सभांचं मिनिट बुक, पावती पुस्तकं वापरलेली आणि कोरी, आणि बँकेचं पासबुक. पासबुक त्याच दिवशी छापून आणलेलं हवं. ते भले माणूस असतील, तुला मुलासारखं मानत असतील. "उद्या देतो रे" म्हणाले, तर पदही उद्याच घे.